लँगॉलेनची घोड्याची बोट: टोपाथ हा शब्द इथे डोळ्यांनी दिसतो

यूकेतले आपले लोक वेल्समधल्या लँगॉलेनला जातात ते बहुतेक वेळा तो उंच ॲक्वेडक्ट, म्हणजे दरीवरून कालवा नेणारा पूल, बघायला. गाडी लावायची, पुलावरून चालत जायचं, खाली दरीत बघायचं, फोटो काढायचे आणि दुपारच्या आत स्नोडोनियाकडे निघायचं. माझं म्हणणं आहे की ॲक्वेडक्ट बघाच पण त्याच्या आधी गावातल्या वार्फवरून, म्हणजे कालव्याच्या धक्क्यावरून, जी घोड्याने ओढायची बोट सुटते ती करा. साधारण पाऊण तासाची फेरी, बोटीला इंजिन नाही, काठावरून एक घोडा चालतोय आणि त्याच्या मागे दोराला बांधलेली आपण सगळी मंडळी पाण्यावरून सरकतोय. या उन्हाळ्यात सासू-सासरे फलटणहून आले होते त्यांना घेऊन गेलो होतो, आणि इतकी वर्षं इथे राहून कालव्याकाठच्या वाटेसाठी जो शब्द मी रोज वापरते, टोपाथ, तो काय आहे हे मला त्या बाकावर बसून जेवढं कळलं तेवढं कुठे वाचून कळलं नव्हतं. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आधी बोटीबद्दल. गावातून दी नदीवरचा जुना दगडी पूल ओलांडला की समोर रेल्वे स्टेशन लागतं, तिथून रस्ता ओलांडून वर चढायचं, चढ छोटा आहे पण चांगला उभा आहे, गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर त्यांना गाडीने वर सोडून मग गाडी लावायला जा. कालवा नदीच्या बराच वर, टेकडीच्या कडेने जातो म्हणून हा चढ. वार्फवर जुनं गोदाम आहे, चहा वगैरे मिळतो. इथून घोड्याच्या बोटी १८८४ पासून चालतायत, आणि तेव्हाही त्या माल न्यायला नव्हत्या, सहलीला आलेल्या लोकांसाठीच होत्या, म्हणजे टूरिस्टना कालव्यात फिरवायचा धंदा इथे एकशेचाळीस वर्षांचा आहे.

घोडा थोराड, पायांशी केसांचे झुपके, डोळ्यांना झापडं. बरोबर एक माणूस चालतो आणि बोटीवर एकजण सुकाणू धरतो. माझी लेक घोड्याच्या मानेवरून हात फिरवत बसली होती पण अप्पा, म्हणजे माझे सासरे, ते आल्याआल्या खाली वाकून दोर बघायला लागले. शेतकरी माणूस, जनावर कसं जुंपलंय हे आधी बघणार. घोड्याच्या मागच्या पायांच्या मागे एक आडवी लाकडी दांडी असते, दोन्ही बाजूंचे दोर त्या दांडीला येतात आणि दांडीच्या मधोमध मोठा दोर लावलेला असतो, त्यामुळे चालताना दोर पायांत येत नाही आणि मांड्यांना घासत नाही. अप्पा म्हणाले, "बघ पोरी, नांगराला जुंपताना हेच बघावं लागतं, जनावराचं अंग सोललं की संपलं, चार दिवस काम बंद."

दुसरी गोष्ट त्यांच्याच लक्षात आली, मला तर दिसलीही नसती. दोर बोटीच्या टोकाला बांधलेला नव्हता, टोकापासून बराच मागे एका छोट्या खांबाला होता. त्यांनी विचारलं असं का, मी त्या सुकाणूवाल्याला विचारलं. त्याने सांगितलं की टोकाला बांधला तर घोडा काठावरून ओढतोय म्हटल्यावर प्रत्येक पावलाला बोटीचं नाक काठाकडे वळणार आणि सुकाणू धरणाऱ्याचा सगळा जोर ते सरळ करण्यातच जाणार, थोडा मागे बांधला की बोट बरीच सरळ राहते. अप्पांनी मान हलवली.

आणि मग सुटतानाचं जे दृश्य आहे ते नीट बघा, त्यासाठी शक्य झालं तर पुढच्या बाकावर बसा. दोर आधी पाण्यात लोंबत असतो. माणूस तोंडाने आवाज करतो, घोडा दोन पावलं टाकतो, दोर वर येतो, ताणला जातो आणि ताणताना त्यातून पाणी पिळल्यासारखं बारीक थेंबांनी उडतं. घोडा छाती पुढे टाकून वाकतो आणि दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. बोट जागची हलत नाही, घोडा जागचा हलत नाही, नुसता ताण. मग एकदम काठ मागे सरकायला लागतो. त्यानंतर घोड्याला फारसा जोर लावावा लागत नाही, तो आपला चालत राहतो आणि एवढी भरलेली बोट त्याच्या मागे येत राहते. आवाज फक्त टापांचा आणि बोटीच्या कडेने पाणी जातं त्याचा.

याच्यातच सगळ्या कालव्यांचं अर्थकारण आहे. त्या काळच्या चांगल्या रस्त्यावर एक घोडा गाडीतून दोनेक टन माल ओढायचा, पाठीवर तर त्याहून फारच कमी, आणि तोच घोडा पाण्यावर पंचवीस-तीस टनांची नॅरोबोट घेऊन चालायचा. नॅरोबोट म्हणजे जेमतेम २.१ मीटर रुंद आणि २२ मीटरपर्यंत लांब. कोळसा, चुनखडी, लोखंड, धान्य, मातीची भांडी, इंग्लंडमधली औद्योगिक क्रांती म्हणून आपण शाळेत जे पाठ केलं त्यातला केवढा तरी माल अशा घोड्यांनी काठावरून चालत चालत ओढलाय. आणि ते चालले तो रस्ता म्हणजे टोपाथ.

आता शब्दाकडे येते, कारण मला हा रिव्ह्यू लिहायचाच होता तो त्याच्यासाठी. आपल्याकडे टो म्हटलं की गाडी आठवते. पुण्यात नो पार्किंगमधे स्कूटर लावली आणि परत आलो तर जागेवर नाही, म्हणजे टो झाली, टोइंगवाले घेऊन गेले. तोच हा टो. ओढून नेणे. पाथ म्हणजे वाट. ओढायची वाट, बस. जुन्या कागदांत टोइंग-पाथ असं पूर्ण लिहिलेलं असतं, नंतर ते आखडून टोपाथ झालं. इथल्या इंग्रजांपैकीही कित्येक जण हा शब्द पायाच्या बोटाचं टो धरून लिहितात, अरुंद वाट, चवड्यावर जपून चालायची, असं काहीतरी डोक्यात असतं. आज त्या वाटेवर घोडा नाही, दोर नाही, सायकली आहेत, कुत्री फिरवणारे आहेत, बाबागाड्या आहेत, मग बिचाऱ्यांना ओढणं कुठून आठवणार. घोडा समोर असला की ही चूक कोणी करूच शकत नाही.

टो हे क्रियापद फार जुनं आहे, जुन्या इंग्रजीत तोगियान, अर्थ ओढणे, खेचणे. टग ऑफ वॉरमधला टग याच घरातला. आपण दिवसातून दहादा म्हणतो तो टीम पण त्याच घरातला, आधी टीम म्हणजे एकत्र जुंपलेली जनावरं, माणसांची टीम फार नंतर आली. आणि हे सगळं ज्या मूळ धातूपासून आलंय, ओढणे किंवा पुढे होऊन नेणे, त्याच धातूपासून लॅटिनमधे दूकेरे आलं आणि त्यातून डक्ट, ड्यूक, कंडक्टर, एज्युकेशन आणि आपल्या आजच्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ॲक्वेडक्ट. पाणी नेणारा तो ॲक्वेडक्ट, बोट नेणारा तो टोपाथ, शब्द एकाच आजीची नातवंडं. लँगॉलेनला तुम्ही एकाच दिवशी दोन्हीवर चालता. पाथ आणि आपला पथ यांचा आवाज इतका जुळतो की तेही नातं असणार असं वाटतं, पण त्यावर भाषेच्या जाणकारांचं एकमत नाही, म्हणून मी ते सोडून देते.

परतीच्या वाटेवर मी हे अप्पांना सांगत होते, की ही वाट माणसांसाठी नाही केलेली, दोर ओढणाऱ्या जनावरासाठी केलेली आहे आणि तिचं नावच तसं आहे. ते म्हणाले, "मग ही धावच की. आपली मोटंची धाव उतरती, यांची सपाट, एवढाच काय तो फरक."

मी एकदम गप्पच झाले. ज्यांनी मोट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीवर मोट असायची तेव्हा बैलांना विहिरीपासून लांब जायला एक उतरती वाट केलेली असायची, ती धाव. बैल धावेवरून खाली जाताना नाडा ओढायचे, मोट भरून वर यायची, थारोळ्यात पाणी पडायचं, मग बैल मागे मागे सरत परत वर यायचे. अप्पांच्या लहानपणी त्यांच्या मळ्यात मोट होती, इंजिन नंतर आलं. धावेवर दुसरं काही काम नाही, कुठे जायचा रस्ता नाही तो, जनावराने दोर ओढावा एवढ्यासाठीच ती जमीन ठेवलेली. मी टोपाथला मराठी शब्द म्हणून कालव्याकाठची पायवाट असं काहीतरी म्हणत आले आणि त्यातून मूळ गोष्टच निसटत होती, कारण पायवाट पायांनी पडते आणि ही मुद्दाम बांधलेली आहे, जनावराच्या मापाने. धाव म्हटलं की लगेच समजतं, निदान ज्यांच्या घरात कोणी मोट हाकलीय त्यांना तरी.

फलटणच्या बाजूला नीरेचा उजवा कालवा आहे, त्याच्या भरावावरून जाणारा रस्ता अप्पांच्या रोजच्या पायाखालचा. त्याला कोणी वेगळं नाव दिलेलं नाही, कॅनॉलचा रस्ता किंवा नुसतं भरावावरून जा, एवढंच. पाटकरी फिरायला आणि खात्याची जीप जायला तो ठेवलेला. पुण्यात एरंडवण्यात तर कॅनॉल रोड हे रस्त्याचं नावच आहे. आपले हे कालवे शेतीसाठी, पाणी सोडायचं, आवर्तन संपलं की बंद करायचं, तिथे बोट ओढायचा प्रश्नच नव्हता म्हणून तसा शब्दही नाही. अप्पांनी बोटीवरच्या माणसाला माझ्यामार्फत पहिला प्रश्न हाच विचारला होता की याच्या चाऱ्या कुठायत, पाणी कुठल्या रानाला जातं.

उत्तर फार छान आहे आणि मला ते आधी माहीत नव्हतं. पाणी शेताला जात नाही, पिण्यासाठी जातं. लँगॉलेनच्या वरच्या बाजूला नदीवर हॉर्सशू फॉल्स आहे, नाव धबधब्याचं असलं तरी तो टेलफर्ड या इंजिनिअरने बांधलेला बंधारा आहे, १८०८ साली पूर्ण झालेला, घोड्याच्या नालासारखा वळलेला आणि १४० मीटर लांब. तिथून दी नदीचं पाणी कालव्यात घेतात आणि ते वाहत वाहत चेशायरमधे हर्ल्सटनच्या तलावापर्यंत जातं, तिथून लोकांच्या नळाला. म्हणून हा कालवा इतर इंग्लिश कालव्यांसारखा साचलेला नाही, याला चक्क प्रवाह आहे. घोडा जाताना प्रवाहाच्या उलट ओढतो आणि येताना प्रवाहाबरोबर, फरक दोराकडे बघितलं तरी कळतो. १९४४ साली संसदेने कायदा करून हा कालवा बोटींसाठी बंद केला होता, तेव्हा मालक रेल्वे कंपनी होती आणि तिला कालवा नको होता. तरी तो बुजवला नाही कारण पाणी लागत होतं. मग पन्नासच्या दशकात पाणीपुरवठ्याचा रीतसर करार झाला आणि पाणी राहिलं म्हणून बोटी परत आल्या, आणि आज तो देशातला बहुधा सगळ्यात लाडका कालवा आहे. हे ऐकल्यावर अप्पांचं समाधान झालं. पाणी कामाला लागतंय म्हणजे कालवा जिवंत आहे, असं त्यांचं म्हणणं.

आणि वार्फच्या वरच्या अंगाला, मुक्कामाच्या बोटी बांधतात तिथून पुढे, इंजिनाच्या बोटींना जायला बंदी आहे. पात्र अरुंद आहे आणि उथळ. त्यामुळे त्या टप्प्यात फक्त घोड्याची बोट. डिझेलचा वास नाही, खडखडाट नाही. मला वाटतं हीच या फेरीची खरी खासियत आहे, घोड्याच्या बोटी इंग्लंड-वेल्समधे अजून दोन-चार ठिकाणी बघायला मिळतात पण एवढी शांतता मिळणं कठीण.

घरी आल्यावर मी बाकीच्या भाषांत या वाटेला काय म्हणतात ते बघत बसले आणि त्यात माझे दोन रविवार गेले, पण त्यातलं थोडं इथे लिहितेच कारण फार गोड प्रकार आहे. फ्रेंच लोक शमँ द हालाज म्हणतात, म्हणजे पुन्हा ओढायची वाट, आणि ते हालाज इंग्रजीतल्या हॉलच्या, म्हणजे ट्रकवर माल हॉल करतात त्या हॉलच्या नात्यातलं. पूर्व इंग्लंडच्या फेन्स भागात जुने लोक टोपाथला हेलिंग वे म्हणायचे, तेही तेच. वेल्श भाषेत ओढण्याला हालिओ म्हणतात, तोही शब्द इंग्रजीकडून तसाच आलेला. डच लोकांनी ओढण्याकडे न बघता हाकण्याकडे बघितलं, त्यांचा शब्द यागपाड, याग म्हणजे जनावराला पुढे दामटणे. त्यांच्याकडे तर १६३२ पासून ॲमस्टरडॅम ते हार्लेम अशी घोड्याने ओढायच्या प्रवासी बोटींची सेवा होती, ठरलेल्या वेळेला सुटणारी, आपली एसटी जशी. घोड्यावर बसणाऱ्या पोराला यागर म्हणायचे.

जर्मनांचा एक शब्द लाइनफाड, लाइन म्हणजे दोर. स्पॅनिशमधे कामीनो दे सिरगा, सिरगा म्हणजेही ओढायचा दोर. आणि इटलीत मिलानला गेलात तर नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या एका काठाच्या रस्त्याचं नाव आहे आलझाया नाविल्यो ग्रांदे, तिथे आता संध्याकाळी लोक टेबलं टाकून खातपीत बसलेले असतात. आलझाया हा शब्द ओढण्याच्या दोराच्या जुन्या लॅटिन नावावरून आलाय. मिलानच्या कॅथेड्रलचा संगमरवर कांदोल्याच्या खाणीतून याच कालव्याने शहरात आलेला आहे. म्हणजे काही भाषांनी नाव ठेवलं ओढण्यावरून, कोणी हाकण्यावरून, कोणी दोरावरून. मला दोरवाले सगळ्यात जवळचे वाटतात, कारण बोटीत बसल्यावर तुमची नजर घोड्यापेक्षा दोरावरच जास्त वेळ असते. आणि आपल्या बाजूचंही एक सांगते, बंगालमधे काठावरून दोराने नाव ओढण्याला गुण टाना म्हणतात, हा गुण म्हणजे संस्कृतमधला दोर या अर्थाचा गुण. तिथे घोडे नव्हते, माणसंच खांद्यावर दोर घेऊन चालायची. इंग्लंडमधेही घोड्यांच्या वाटा व्हायच्या आधी सेव्हर्न नदीवर माणसांच्या टोळ्या बोटी ओढायच्या, हे विसरायला नको.

एकदा ही वाट घोड्याच्या मापाने केलेली आहे हे डोक्यात बसलं ना, की मग कुठल्याही ब्रिटिश कालव्यावर चालताना वेगळंच दिसायला लागतं. जुन्या पुलांच्या खाली, जिथे वाट वळते तिथल्या दगडी किंवा लोखंडी कोपऱ्यावर खोल घळी पडलेल्या असतात, सरळ, एकमेकींना समांतर, त्यांत बोट घातलं तर आत बसतं. ओला दोर, त्याला लागलेली काठावरची रेती आणि शंभर-दीडशे वर्षं, त्याने दगड आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापलं गेलंय. लंडनला रीजंट्स पार्कच्या शेजारी मॅकल्सफील्ड पूल आहे, तिथे २ ऑक्टोबर १८७४ ला पहाटे टिलबरी नावाची दारूगोळ्याची बोट पुलाखालीच उडाली आणि पूल गेला. नवीन पूल बांधताना जुनेच बिडाचे खांब परत वापरले पण फिरवून उभे केले, त्यामुळे आधीच्या दोराच्या घळी एका अंगाला आणि नंतरच्या दुसऱ्या अंगाला, दोन्ही आज बघायला मिळतात. त्याच नावाचा पण वेगळा मॅकल्सफील्ड कालवा आहे, त्याच्यावर तर असे पूल आहेत की वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते तेव्हा घोड्याचा दोर न सोडता त्याला गोल फिरवून पुलावरून नेता येतं, चढाची वळणच तशी दिलीय. आणि जिथे डोंगराच्या पोटातून कालवा जातो आणि आत वाटेला जागाच ठेवली नाही, उदाहरणार्थ पाच किलोमीटर लांबीचा स्टँडएजचा बोगदा, तिथे घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचे आणि बोटीवर माणसं आडवी झोपून पायांनी भिंतीला रेटा देत बोट पुढे सरकवायची. टोपाथ नसला म्हणजे काय होतं ते त्या माणसांच्या कमरेला विचारायला हवं होतं.

आता ॲक्वेडक्ट. पाँटकसिल्टे असं साधारण म्हटलं तरी चालतं, वेल्श लोकांसारखा तो डबल एल आपल्याला येत नाही, जीभ वर टेकवून कडेने हवा सोडायची असते, लँगॉलेनमधे तर तो दोनदा येतो. १८०५ ला पूर्ण झाला, टेलफर्ड आणि जेसप या दोघा इंजिनिअरांचं काम, १८ खांब, १९ कमानी, ३०७ मीटर लांब, नदीपासून ३८ मीटर वर, आणि वर पाणी वाहतं ते बिडाच्या एका लांब पन्हळीतून. २००९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हे सगळं बोर्डावर लिहिलेलं असतं. पण घोड्याची बोट करून इथे आलात तर तुम्ही टोपाथकडे बघाल. पन्हळीची पूर्ण रुंदी साडेतीन मीटरच्या थोडी वर आहे आणि टोपाथ तिच्या बाहेर काढलेला नाही, आतच आहे, पाण्याच्या वर, खाली आधार देऊन उचललेला. तुम्ही चालत असता त्याच्या खालूनही कालवा वाहत असतो. याचं कारण साधं आहे. बोट पन्हळीत शिरली की तिच्या पुढचं पाणी कुठेतरी जायला पाहिजे, बोटीएवढीच पन्हळ केली असती तर पाणी बाजूने मागे यायला जागाच नाही आणि घोड्याला फार जास्त जोर लागला असता. वाट पाण्यावर उचलल्यामुळे पाणी तिच्या खालून निघून जातं. जनावराचे कष्ट वाचावेत म्हणून पुलाची रचना अशी केलीय. वाटेच्या बाजूला कठडा आहे, कारण तिथून घोडा जाणार होता. बोटीच्या बाजूला कठडा नाही, पन्हळीची काठ तेवढी पाण्याच्या वर, पलीकडे सरळ दरी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वाटेवरून अर्धं अंतर चालून माझा हात घट्ट धरला आणि आपण परत जाऊ म्हणाल्या, अप्पा मात्र टोकापर्यंत जाऊन आले.

खरं तर ॲक्वेडक्टवरून जाणारी इंजिनाची एक फेरी आम्ही आधी एकदा केली होती, नाव घेत नाही, त्यात पूर्ण वेळ स्पीकरवर रेकॉर्ड केलेली माहिती चालू होती आणि ती इतकी मोठ्याने की शेजारच्याशी बोलता येईना. त्यामानाने घोड्याच्या बोटीवर सुकाणू धरणारा माणूस स्वतः बोलतो, विचारलं तर सांगतो, नाहीतर गप्प असतो. आमच्यासाठी तरी हे फार मोलाचं, कारण मला अप्पांसाठी मराठीत सांगायला मधे वेळ मिळत होता.

कोणाला आवडणार नाही तेही सांगते. ज्यांना दर पाच मिनिटांनी काहीतरी घडायला हवं त्यांना हे कंटाळवाणं वाटेल, वेग माणसाच्या चालीचा आहे, दोन्ही बाजूंना झाडी, खाली नदी, मधेच वाफेच्या इंजिनाची जुनी रेल्वे गेली तर तिची शिट्टी, एवढंच. टीनएजर मुलांना फोन बाहेर काढावासा वाटणार, काढू द्या. अगदी लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सगळ्यात जास्त आवडतं असं मला दिसलं. घोड्याबद्दल कोणाला काळजी वाटत असेल तर, मलाही होती, मी लक्ष देऊन बघितलं, फेरी संपल्यावर त्याला सावलीत नेलं, दुसऱ्या फेरीला दुसरा घोडा आला. अप्पांनी पुठ्ठ्यावर हात ठेवून बघितलं, "घामाघूम न्हाई झालेलं, बरं ठेवलंय," म्हणाले, आणि जनावराच्या बाबतीत त्यांचं सर्टिफिकेट सहज मिळत नाही.

जायचं असेल तर फेऱ्या उन्हाळी सीझनमधेच असतात, आधी चौकशी करून बुकिंग करा, शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळेल असं धरू नका. जुलैमधे लँगॉलेनला आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव असतो, १९४७ पासून चालू आहे, त्या आठवड्यात जायचं तर महोत्सवासाठीच जा, पार्किंगला जागा मिळत नाही. ट्रेनने यायचं तर रुआबॉनला उतरून बस. चालू शकणारे असाल तर बोटीतून उतरल्यावर त्याच टोपाथने हॉर्सशू फॉल्सपर्यंत चालत जा, वार्फपासून तीनेक किलोमीटर, पूर्ण सपाट, कारण पाणी सपाट आहे आणि वाट पाण्याबरोबर आहे. ही वाट सांभाळणारी संस्था धर्मादाय आहे, २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले ३,२०० किलोमीटरच्या आसपास कालवे आणि नद्या तिच्याकडे आहेत, चालायला एक पैसा लागत नाही, पण जागोजागी देणगीची सोय आहे तिथे जमेल तेवढं द्या. चर्क गावाच्या बाजूला जाणार असाल तर टॉर्च घ्या, तिथल्या ४२० मीटरच्या बोगद्यात आतून टोपाथ आहे, घोडा आतूनच जायचा, पण उजेड काही नाही. आणि डबा बरोबर न्या, बंधाऱ्याजवळ हिरवळ आहे तिथे बसून खाता येतं, आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.